संघ जिंकला, तुम्ही कुठे उभे आहात?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. तरी जिंकलेला संघ, त्याची मिरवणूक आणि त्याच्यामागची माणसं टिपायची संधी इथल्या फोटोग्राफरला वर्षभर मिळते. मिरजेहून रेल्वेने तासाभरावर कोल्हापूर आहे, तिथे पेठांमधल्या तालमीच फुटबॉलचे संघ चालवतात. गडहिंग्लजला दिवाळीत बाहेरगावचे संघ खेळायला येतात. आणि आपल्याकडे कुस्तीची मैदानं, कबड्डी आणि खो-खोची मंडळं काही कमी नाहीत. खेळ कुठलाही असो, गुलाल तोच, हलगी तीच, गर्दीत कोपर लागायचं तेही तसंच. म्हणून हा लेख फुटबॉलला धरून लिहिला असला, तरी कुस्ती किंवा कबड्डीचे फोटो काढणाऱ्यालाही तो चालेल.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात किंवा मोबाइलवर दिसणारे विजयाचे फोटो बहुतेक एका साच्यातले असतात. मधे चषक, मागे फ्लेक्स, बाजूला पाहुणे, पुढच्या रांगेत दोन बोटं दाखवणारी पोरं. हा फोटो काढावाच लागतो, मंडळाला तो हवा असतो आणि पैसेही त्याचेच मिळतात. दोन मिनिटांत तो उरका आणि मोकळे व्हा. पाहुण्यांच्या मागे फिरत बसलात तर त्याच वेळी मैदानाच्या टोकाला एकटा बसून बुटांची नाडी सोडणारा गोलरक्षक हातचा जाईल.

माझं ठाम मत असं आहे की जल्लोषाचे चांगले फोटो अंतिम सामन्याच्या आधीच्या महिन्यांत कमावलेले असतात. त्या दिवशी फक्त बटण दाबायचं राहतं. ज्या पोरांनी तुम्हाला सरावाला पाहिलेलं असतं, ती आनंदाने वेडी झाली तरी तुमच्यासाठी पोज देत नाहीत. अनोळखी कॅमेरा दिसला की मात्र सगळे लगेच रांगेत उभे राहतात.

म्हणून सुरुवात सरावापासून करा. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशी जी नावं फुटबॉलच्या वेळापत्रकात दिसतात ती मुळात तालमींची आहेत. तिथे संघ म्हणजे अकरा खेळाडू एवढंच नसतं, त्यात अख्खी पेठ येते. गणपतीची वर्गणी, शिवजयंतीची मिरवणूक, कुणाच्या घरचं लग्न आणि फुटबॉलचा हंगाम हे सगळं त्याच कट्ट्यावर ठरतं. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. वस्तादांना, प्रशिक्षकांना भेटा, काय करायचं आहे ते सांगा, चहा घ्या. कुस्तीच्या तालमीत जात असाल तर चपला बाहेर काढा, आणि न विचारता हौद्यातल्या मातीत पाय ठेवू नका. तालमीतल्या मारुतीला पाठ करून तिपाई मांडणारे फोटोग्राफर दुसऱ्यांदा आत येत नाहीत. काही तालमींत बाईमाणसाच्या येण्याबद्दल अजून कुरबूर असते. फोटोग्राफर मुलींनी वस्तादांशी आधीच बोलून घ्यावं म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

इंग्लंडमध्ये स्टुअर्ट रॉय क्लार्क हा फोटोग्राफर तीन दशकांहून जास्त काळ फुटबॉलचे फोटो काढतो आहे, पण त्याच्या फोटोंत चेंडू अभावानेच दिसतो. स्टेडियमबाहेरच्या गल्ल्या, गेटवरची रांग, पावसात उभे असलेले प्रेक्षक हाच त्याचा विषय. हॉलंडच्या हान्स व्हान डेर मेअरने तर सगळ्यात खालच्या श्रेणीतले सामने निवडले आणि लांबून, जरा उंचावरून, मैदानामागचं गाव, शेत, डोंगर सगळं दिसेल असे फोटो काढले. साताऱ्याच्या फोटोग्राफरने हे उचलावंच. मैदानामागे अजिंक्यतारा उभा असताना तो फ्रेमबाहेर ठेवून फक्त झेप घेणाऱ्या खेळाडूवर झूम करायचं, तर तो फोटो कुठल्याही गावातला वाटेल. सांगलीकडे मैदानाच्या कडेला ऊस दिसतो, मळीचा वास येतो. वास फोटोत येत नाही, ऊस मात्र येतो.

सरावाच्या दिवसांत काय टिपायचं? पहाटे फक्की मारून रेषा आखणारा माणूस. दोरीवर वाळत घातलेले एकाच रंगाचे शर्ट. फाटलेला बूट शिवून देणारा चांभार, उधारीवर चहा देणारा टपरीवाला, सामन्याला पोरं भरून नेणारा टेम्पोचालक. संघात निवड न झालेला आणि तरी रोज येणारा एखादा पोरगा प्रत्येक ठिकाणी असतो. त्याच्याकडे लक्ष ठेवा, कारण संघ जिंकला की सगळ्यात उंच उडी तोच मारतो. हे फोटो त्या वेळी कुणी मागत नाही. दहा वर्षांनी स्मरणिका काढायची वेळ आली की पहिल्यांदा हेच शोधले जातात.

आता सामना. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पोचलात की आधी एक गोष्ट विचारून घ्या, कुठल्या तालमीचे समर्थक कुठे बसलेत? गोल करणारा जवळजवळ नेहमी आपल्या माणसांकडे धावतो. म्हणजे तो ज्या कोपऱ्याकडे येणार तिथे, कोपऱ्याच्या निशाणापासून थोडं बाहेर तुम्ही आधीच बसलेले हवेत. सगळे फोटोग्राफर गोलच्या मागे दाटीने बसतात, त्यांना गोल मिळतो आणि पळणाऱ्याची पाठ मिळते. ऊन पाठीशी ठेवा, निदान तिरपं ठेवा. उशिरा सुरू झालेल्या सामन्यात शेवटची पंधरा-वीस मिनिटं प्रकाश सोनेरी होतो, पण स्टँडची सावली अर्ध्या मैदानावर पसरते. खेळाडू उन्हातून सावलीत गेला की ऑटो एक्स्पोजर गोंधळतं. सामना सुरू होण्याआधी उन्हाचं आणि सावलीचं अशी दोन्ही मापं घेऊन ठेवा.

पळत्या खेळाडूसाठी शटर १/१००० सेकंद, अगदीच अंधारलं तर १/५००. त्याच्या खाली जाऊ नका, त्यापेक्षा आयएसओ वाढवा; दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा चालत नाही. ७०-२०० ची लेन्स असली तर उत्तमच. नसेल तर लांबच्या चेंडूचा नाद सोडा आणि जवळच्या माणसांवर काम करा. मोबाइलवाल्यांनी बोटांनी झूम करू नये, त्याने फक्त ठिपके मोठे होतात. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, बर्स्टवर ठेवा आणि पायांनी जवळ जा.

गोल झाल्यावर एकदा मागे वळायची सवय लावून घ्या. गोल करणाऱ्याचा फोटो दहाजणांकडे असतो. राखीव खेळाडूंचा बाक, कठड्यावर चढलेला म्हातारा समर्थक, डोळे मिटून हात जोडलेला प्रशिक्षक हा मुद्देमाल एकट्या तुमचा. पेनल्टी शूटआउटमध्ये तर मारणाऱ्यापेक्षा मध्यरेषेवर खांद्यांत हात घालून उभी असलेली रांग पाहा. शेवटचा फटका आत गेला की ती रांग फुटते आणि गोलरक्षकाकडे नाहीतर गॅलरीकडे सुटते. तेव्हा रुंद लेन्स लावलेला दुसरा कॅमेरा किंवा मोबाइल हाताशी हवा.

कुस्तीत हे सगळं काही सेकंदांत होतं. चितपट झाली की जिंकलेल्याला खांद्यावर उचलतात, फेटा बांधतात आणि तो मैदानाला फेरी मारतो. लोक हातात नोटा ठेवतात, हलगी आणि घुमकं टिपेला जातं. कुंडलच्या किंवा पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतल्या मैदानात माणसं चहूबाजूंनी बसलेली असतात, त्यामुळे पाठीमागे कायम चेहरेच चेहरे मिळतात. पैलवान स्वच्छ आणि मागचे चेहरे किंचित मऊ असे हवे असतील तर छिद्र एफ/२.८ किंवा एफ/४. हलगीवाल्याचे हात मात्र १/६० ला थोडे हलू द्या. वाजवणं थांबलेलं दिसलं तर तो फोटो मुका होतो.

हरलेल्याच्या तोंडासमोर कॅमेरा नेऊ नये. लांबून, न कळत, एखादा फोटो घ्या. तो रडत असेल तर तेवढाही छापण्याआधी दोनदा विचार करा. त्याला पुढच्या हंगामात याच मैदानावर यायचं आहे, आणि तुम्हालाही.

गुलालाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे कॅमेरे पडून कमी आणि गुलालाने जास्त बिघडतात. मिरवणुकीत लेन्स बदलायची नाही, हा पहिला नियम. दुसरा असा की बाहेर-आत होणारी झूम लेन्स प्रत्येक हालचालीला हवा ओढते आणि हवेबरोबर भुकटी आत घेते. शक्य असेल तर ३५ किंवा ५० ची एकच स्थिर लेन्स लावून निघा. पुढे साधा यूव्ही फिल्टर, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबर बँड, व्ह्यूफाइंडरपाशी भोक. महागड्या कव्हरइतकंच हे काम करतं. घरी आल्यावर ओलं फडकं लावू नका. गुलाल भिजला की चिकटतो आणि रंग सोडतो. आधी हवेचा फुगा, मग कोरडा मऊ ब्रश, काच सगळ्यात शेवटी. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे बारीक थेंब जातात, तेही टाळा. मोबाइलच्या चार्जिंगच्या तोंडात मिरवणुकीआधीच कागदी चिकटपट्टी लावा.

रंगाचंही एक गणित आहे. दाट गुलालात लाल रंग इतका भरतो की कपड्यांच्या घड्या, चेहऱ्याची ठेवण सगळं एका लाल डागात बुडून जातं. एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी ठेवा, रॉ फाइल घ्या आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता उन्हाच्या खुणेवर पक्का करा. ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा लाल कमी करायला जातो आणि माणसं निळसर, आजारी दिसू लागतात. गुलाल समोरून उजेडात पांढुरका दिसतो, सूर्य त्याच्यामागे असला की पेटतो. त्यामुळे संध्याकाळची मिरवणूक पश्चिमेकडे जाणार असेल तर तिच्या मागे राहा, पूर्वेकडे येणार असेल तर पुढे. भंडाऱ्याला मात्र एक्स्पोजर कमी करू नका, पिवळा रंग लगेच मळकट होतो.

सराव कुठे करायचा, असं विचाराल तर तासगावला. पटवर्धनांच्या काळापासूनचा तिथला रथोत्सव गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला असतो. माणसं दोराने रथ ओढतात आणि गुलालाने रस्ता दिसेनासा होतो. भंडाऱ्यासाठी कऱ्हाड तालुक्यातल्या पालीची खंडोबाची यात्रा. या दोन ठिकाणी कॅमेरा शाबूत ठेवून चार बरे फोटो आणलेत तर कुठल्याही संघाची मिरवणूक तुम्हाला जड जाणार नाही.

रात्रीच्या मिरवणुकीत दिव्यांचे पट्टे फोटोत आले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, आपल्या विजेच्या लयीशी ते जुळतं. लेसरचा झोत लेन्समध्ये थेट येऊ देऊ नका, सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो. गणेशोत्सवातल्या मिरवणुकांत लेसरने डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि अनेक शहरांत पोलिसांनी त्यावर बंदीही घातली. तरी तो दिसला तर कॅमेरा खाली घ्या आणि स्वतःही दुसरीकडे पाहा.

गर्दीला हलक्यात घेऊ नका. ४ जून २०२५ रोजी बंगळूरला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेट संघाच्या विजयाचा जल्लोष पाहायला आलेल्या अकराजणांचा चेंगराचेंगरीत जीव गेला. मिरवणुकीचा मार्ग आदल्या दिवशी पायी फिरा. रस्ता वळतो तिथे उभं राहिलं की समोरून येणारे चेहरे मिळतात आणि बाजूच्या बोळात सटकताही येतं. वरून फोटो हवा असेल तर एखाद्या घराच्या पहिल्या मजल्यावरची गॅलरी बघा. घरच्यांना आदल्या दिवशी विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही, ऐन वेळी दार वाजवलं तर कुणी ऐकत नाही. ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत. गर्दीच्या डोक्यावर तो नेऊच नका, आणि बाजूने उडवायचा तरी पोलीस ठाण्यात आधी विचारा. मोटारसायकल रॅलीत मागच्या सीटवर उलटं बसून फोटो काढणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्या फोटोंसाठी हाड मोडून घ्यावं असं त्यांत काही नसतं.

मिरवणूक वेळ खाते, आणि हीच फोटोग्राफरची सोय आहे. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले तेव्हा कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गाड्या १५१ होत्या असं सांगतात. अंतर थोडकं, पण पोचायला कित्येक तास लागले. आजही तसंच. डीजेच्या गाडीपुढे नाच सुरू झाला की चौकातून चौकात जायला तासभर जातो. तेवढ्यात तुम्ही पुढे निघा आणि कप्तानाच्या किंवा सगळ्यात लहान खेळाडूच्या घरी जाऊन थांबा. दारात रांगोळी पडत असते, आई औक्षणाचं ताट शोधत असते, शेजारच्या बायका पेढ्यांचा हिशोब करत असतात. पोरगं दारात येईल तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे सगळ्यांचे कॅमेरे असतील. तुम्ही आत, आईच्या बाजूला उभे असाल तर ताटातल्या निरांजनाचा उजेड त्याच्या तोंडावर पडलेला फक्त तुम्हालाच दिसेल. फ्लॅश मारून तो उजेड घालवू नका.

मुलींच्या संघाचे फोटो काढणाऱ्यांनी जास्त सांभाळून असावं. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि सांगली जिल्ह्याच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. क्रिकेटपटू स्मृती मानधनाचं गाव सांगली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली. यापुढे मुलींच्या मिरवणुका वाढणार आहेत, हे उघड आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीचा फोटो घरच्यांना आणि प्रशिक्षकांना विचारूनच. तिच्या नावाबरोबर शाळा, गाव, सरावाची वेळ असा सगळा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये. झटापटीतले शंभर फोटो असतात, त्यांतला कुठला द्यायचा हे ठरवताना ती खेळाडू त्यात खेळताना दिसते की अवघडलेली, एवढं पाहिलं तरी पुरतं.

संघाच्या गावकीतल्या कामांचेही फोटो मागितले जातात, रक्तदान शिबिर, वह्यावाटप, वृक्षारोपण. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तालमी आणि मंडळांची पोरं घराघरांतून माणसं काढत होती. तेव्हाचे चांगले फोटो पाण्यातले, दोरीचे, खांद्यावरच्या म्हाताऱ्यांचे आहेत. वाईट फोटो धान्याचं पाकीट देतानाचे आहेत, ज्यांत देणारे पाच आणि घेणारी एक बाई मान खाली घालून उभी. असा फोटो मागितला तर स्पष्ट नाही म्हणा. त्याऐवजी पोती उचलणारे हात, टेम्पो भरणारी रांग, रात्री दमून शाळेच्या ओसरीवर झोपलेले खेळाडू घ्या. मंडळाची शान त्याने जास्त वाढते, आणि हे पदाधिकाऱ्यांना फोटो दाखवल्यावर पटतंही.

शेवटी व्यवहार. नावं त्याच दिवशी लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे. मोबाइलवर बोलून ठेवलं तरी चालेल. सगळे ज्याला टोपणनावाने हाक मारतात त्याचं खरं नाव आठवड्याने कुणालाच आठवत नाही. फ्लेक्ससाठी प्रत्येक खेळाडूचा कमरेपर्यंतचा, साध्या भिंतीपुढचा एक उभा फोटो हंगामाच्या सुरुवातीलाच काढून ठेवा. नाहीतर अभिनंदनाच्या फ्लेक्सवर कुणाच्या तरी लग्नातला कापलेला चेहरा झळकतो, मागच्याचा खांदा शिल्लक ठेवून. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या फोटोसारखा पाठवलात तर तो आकसतो आणि दहा फुटी फ्लेक्सवर विरतो.

पैशांचं आधी बोला आणि लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा ठरतो. स्वतःहून काढलेल्याचा मालक तुम्ही. मंडळाला वापराचा हक्क द्या, मालकी तुमच्याकडे ठेवा आणि फोटोखाली नाव यायला हवं हे त्याच चिठ्ठीत घाला. ‘आपलीच पोरं आहेत’ म्हणून सगळं फुकट देणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावतात, पण त्याच दरात.

एक गोष्ट मात्र फुकट द्या. हंगाम संपला की निवडक पंधरा-वीस फोटो कागदावर छापून तालमीत नेऊन ठेवा, मागे तारीख, सामना आणि सगळी नावं लिहून. फक्की मारणारा, टेम्पोवाला आणि निवड न झालेला पोरगा, या प्रत्येकाला त्याच्या फोटोची एक प्रत हातात द्या. पुढच्या हंगामात मैदानाचं फाटक तुमच्यासाठी हीच माणसं उघडतात.